बिबड्यांच्या गावात बिअर

घरच्या घरी बिअर तयार करण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुळलेला असला आणि नवशिक्यांसाठी त्यावर पुस्तकांचा ढीग उपलब्ध असला, तरी त्या पुस्तकांतील धडे जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत बसून वाचू गेल्यास त्यांचा अर्थ पुष्कळच बदलतो. कारण ते धडे ज्या हवामानात, ज्या धान्यावर आणि ज्या कायद्याखाली तयार झाले, त्यांपैकी एकही गोष्ट तापीच्या खोऱ्यात आढळत नाही. मात्र आंबवण्याची कला या प्रदेशाला नवीन नाही. उन्हाळ्याच्या वाळवणात ती घरोघरी दिसते, सातपुड्याच्या पाड्यांवर ती निराळ्या रूपात दिसते, आणि पोलीस ठाण्याच्या हद्दीतील 'कच्चे रसायन नष्ट' या स्थानिक वृत्तपत्रांच्या ठरावीक मथळ्यातही तीच असते. म्हणून परदेशी नवशिक्याचे धडे खानदेशी अनुभवाशेजारी ठेवून तपासणे हा केवळ बौद्धिक खेळ ठरत नाही.

बिअरची कृती थोडक्यात अशी. सातू भिजवून त्याला मोड आणले जातात आणि मोड पुरते वाढण्याआधीच तो गरम हवेवर वाळवला जातो. या वाळवलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात, म्हणजे पिठूळ भागाचे साखरेत रूपांतर घडवणारी द्रव्ये, आणि हे माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले की ती विकरे आपले काम पुरे करतात. गाळून मिळालेल्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून ते तासभर उकळले जाते, त्वरेने थंड केले जाते आणि मग त्यात यीस्ट सोडले जाते. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते. आठवडा-दोन आठवड्यांनी द्रव स्थिरावला की तो किंचित साखर घालून बाटल्यांत भरतात, आणि त्या साखरेपासून बंद बाटलीत निर्माण होणारा वायू म्हणजेच पेल्यावर येणारा फेस.

नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो स्वच्छतेचा. डोळ्यांना स्वच्छ दिसणे आणि जंतुविरहित असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे त्याला बहुधा पहिली खेप आंबट झाल्यावर कळते. उकळण्याच्या टप्प्यानंतर द्रवाला लागणारे प्रत्येक भांडे, नळी, पळी आणि बूच आधी धुऊन मग जंतुनाशकात बुडवावे लागते, कारण त्या कोमट गोड पाण्यावर यीस्टइतकाच हक्क हवेतील आणि हातावरील जिवाणूही सांगत असतात. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवरील आपल्या ग्रंथात हेच मांडले होते की बिघडलेल्या बिअरमागे दैव किंवा ऋतुदोष नसून नको ते सूक्ष्मजीव असतात. आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन याने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणल्यावर कारखान्यांच्या बिअरला आजची एकसारखी चव मिळाली.

दुसरा धडा तापमानाचा, आणि खानदेशात खरी गाठ पडते ती येथेच. बिअरच्या एका मोठ्या वर्गाला, ज्याला एल म्हणतात, लागणारे यीस्ट १८ ते २२ अंशांच्या आसपास उत्तम काम करते. दुसऱ्या वर्गाला, म्हणजे लागरला, त्याहून थंड, साधारण ८ ते १३ अंशांची जागा लागते. जळगाव आणि भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि रात्रीही हवा पुरती उतरत नाही. त्यात भर म्हणजे आंबण्याची क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, त्यामुळे भांड्यातील द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक तापलेला असतो. अशा उष्णतेत यीस्ट थांबत नाही, उलट घाईने धावते. पण त्या घाईत ते जड प्रकारची अल्कोहोले तयार करते, ज्यांनी बिअरला रंगाच्या दुकानासारखा उग्र वास आणि घशाला झोंबणारी चव येते, आणि दुसऱ्या दिवशीचे डोके दुखणेही बरेचदा त्यांच्याच नावावर जमा होते. नवशिका मात्र फसफस पाहून खूष असतो, कारण पुस्तकात आठवड्याची मुदत दिलेले काम त्याच्याकडे दोन दिवसांत आटोपलेले असते.

यावर पाश्चात्त्य छांदिष्टांनी काढलेला उपाय वाचून कोणताही खानदेशी माणूस हसेल. आंबवणाचे भांडे पाण्याच्या टबात ठेवावे, त्यावर ओले कापड गुंडाळावे, कापडाचे टोक पाण्यात बुडलेले असावे आणि समोर पंखा लावावा, असे ते सांगतात. माठाला ओले गोणपाट गुंडाळून तो वाऱ्याच्या वाटेवर ठेवणाऱ्या प्रदेशाला हे शास्त्र नव्याने शिकवण्याची गरज नाही. शिवाय एप्रिल-मे महिन्यांतील येथील कोरड्या हवेत बाष्पीभवन जितके जोमाने होते तितके इंग्लंडच्या दमट हवेत होणेच शक्य नाही. धुळ्याचा हिवाळा ही याची दुसरी बाजू. थंडीच्या लाटेत राज्यातील सर्वांत कमी तापमानाच्या नोंदींत धुळ्याचे नाव वारंवार येते आणि पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा लागर तेथे सहज जमेल असे वाटू शकते. पण त्याच दिवशीच्या दुपारी ऊन पुन्हा २७-२८ अंशांवर जाते, आणि यीस्टला थंडीपेक्षाही या चढउताराचा जाच अधिक होतो. गंमत अशी की जळगावच्या उन्हाळ्याला मानवणारे यीस्ट नॉर्वेसारख्या थंड देशात सापडते. तेथील पश्चिम भागातील शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट ३५ ते ४० अंशांतही बिघाड न करता काम करते.

हे सारे यंत्रातंत्राच्या भाषेत मांडले जात असले, तरी उष्णता, वेळ आणि आंबटपणा यांचे तिहेरी गणित खानदेशातील बायका चैत्र-वैशाखात दरवर्षी सोडवत असतात, आणि त्याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे ज्वारीचे बिबडे. बिबडे हा ज्वारीचा मोठा, पातळ, खरबरीत पापड. त्यासाठी ज्वारीला पाण्याचा हात लावून ती कांडली जाते, म्हणजे वरचा कोंडा सुटतो. मग ती दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवतात आणि तिला आंबूस वास सुटला की दळतात. मोठ्या पातेल्यात मीठ, जिरे, तीळ आणि वाटलेली लसूण-मिरची घातलेले पाणी खळखळा उकळले की त्यात हे पीठ सोडून लाकडी दांड्याने घोटत राहावे लागते, आणि हे घोटणे दमाचे काम असल्याने शेजारणी एकमेकींकडे पाळीपाळीने जातात. शिजलेला गोळा पहाटेच, ऊन चढण्याआधी, अंगणातल्या किंवा गच्चीवरच्या ओल्या सुती कापडावर पाण्याच्या हाताने गोल थापला जातो. दुपारपर्यंत कडा उचलू लागतात, आणि वाळलेले कापड उलटे करून मागून पाणी शिंपडले की बिबडे न तुटता सुटून येतात. पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या गरम पिठावर कच्चे तेल घालून ते खाण्यासाठी मुले आधीपासूनच वाटी घेऊन बसलेली असतात.

या कृतीत घड्याळ नाही आणि तापमापकही नाही. आहे ते नाक. भिजवण किती दिवस ठेवायची याचे उत्तर 'वास येईपर्यंत' असेच मिळते, आणि ते उत्तर अचूक आहे, कारण ठरावीक तासांचा नियम फेब्रुवारीत आणि मे महिन्यात सारखा लागू पडणार नाही. बिअरच्या नवशिक्याला हे उमगायला अनेक खेपा खर्ची घालाव्या लागतात. तो पुस्तकातील दिवस मोजत बसतो. रसायनाच्या दृष्टीने पाहता ज्वारीच्या भिजवणीत काम करणारे मुख्य जीव लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, म्हणजे दह्यातील जिवाणूंचे भाऊबंद, आणि ते बाहेरून घालावे लागत नाहीत, दाण्याच्या अंगावरच असतात. बिअरमध्ये हेच जिवाणू शत्रू ठरतात आणि बिबड्यांत तेच चव देतात.

कुरडयांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. गहू तीन दिवस भिजतो, पण त्याचे पाणी रोज बदलले जाते. मग तो वाटून, पिळून, त्यातील पांढरा चीक रात्रभर तळाशी बसू दिला जातो आणि वरचे पाणी निथळून टाकून तो शिजवला जातो. पाणी बदलण्याची ही सवय केवळ स्वच्छतेपोटी आलेली नाही. आंबण्यातून तयार झालेले आम्ल आणि कुजकट वासाची द्रव्ये त्या पाण्याबरोबर निघून जातात, म्हणजेच आंबवण पुढे जाऊ दिली जाते पण हाताबाहेर जाऊ दिली जात नाही. ज्या घरात सासूबाई 'आज पाणी बदललं का?' असे विचारतात, त्या घरात किण्वनाचे नियंत्रण चालू आहे, मग त्याला कोणी तसे म्हणो वा न म्हणो. घरगुती बिअरचे महागडे संच मागवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणांनी ही कामे कधी जवळून पाहिलेली नसतात, हे मात्र मान्य करावे लागेल.

तिसरा धडा धान्याचा. सातू हे खानदेशचे पीक नाही; येथील धान्य म्हणजे ज्वारी, आणि तीतही रब्बीची दादर. ज्वारीची बिअर ही कल्पना मराठी कानाला नवखी वाटली तरी आफ्रिकेत ती शतकानुशतके प्यायली जाते. दक्षिण आफ्रिकेतील उमकोंबोथी हे दाट, आंबूस पेय ज्वारीचे माल्ट आणि मका यांपासून होते, आणि तेही बहुधा घरातील स्त्रियाच करतात. युगांडा, रवांडा, बुरुंडी या देशांत पिकल्या केळ्यांच्या रसात ज्वारीचे पीठ घालून केळ्यांची बिअर केली जाते. रावेर-यावलची केळी आणि दादर ज्वारी ज्या जिल्ह्यात एकाच बाजारात उतरतात, त्या जिल्ह्यात हा कच्चा माल एकत्र कधी आला नाही, हा इतिहासाचा एक विचित्र योग म्हणावा लागेल.

तरीही सातूची कृती जशीच्या तशी ज्वारीला लावणे हा नवशिक्याचा हमखास चुकणारा डाव आहे. ज्वारीचा पिठूळ भाग पाण्यात फुगून मऊ होण्यासाठी सुमारे ७० अंशांहून अधिक उष्णता मागतो, आणि इतक्या उष्णतेत माल्टमधील साखर करणारी विकरे निकामी होऊ लागतात. म्हणून आधी ज्वारीचे पीठ उकळून शिजवायचे, ते निववायचे आणि मग माल्ट घालायचे, असा उलटा क्रम घ्यावा लागतो. बिबड्यांचे पीठ उकळत्या पाण्यातच का सोडतात याचे उत्तरही याच गुणधर्मात आहे. आणखी एक सावधगिरी अशी की ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड देणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाल्लेले जनावर दगावते हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ज्वारीचे माल्ट करताना ती वाळवून तिचे कोंब व मुळ्या चोळून काढून टाकतात.

चौथा धडा मोजमापाचा असून तो थोडक्यात सांगता येतो. हायड्रोमीटर नावाची काचेची तरंगणारी नळी द्रवाची घनता दाखवते. आंबण्याआधी ती १.०४८ आणि नंतर १.०१२ असेल, तर दोहोंतील फरकाला १३१.२५ ने गुणले की सुमारे ४.७ टक्के अल्कोहोल असल्याचे कळते. त्याहून महत्त्वाचा उपयोग म्हणजे आंबणे खरोखर थांबले आहे की नाही हे या आकड्यावरून ठरते. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भराव्यात, अन्यथा उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते आणि वायूच्या दाबाने काच फुटते. उतावीळपणाची किंमत येथे चवीत मोजली जात नाही, डोळ्यांत काचा जाण्याचे खरे भय असते.

पाचवा धडा बहुतेक पुस्तकांत नसतो, कारण ती जेथे लिहिली गेली तेथे त्याची गरज उरलेली नाही. ब्रिटनने घरगुती बिअरसाठीचा परवाना १९६३ मध्ये रद्द केला. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने प्रौढ व्यक्तींना स्वतःच्या वापरापुरती बिअर करमुक्त करता येऊ लागली. तेथे स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबातील कोणी गॅरेजमध्ये बिअर करीत असेल, तर तो कायद्याच्या मर्यादेत राहून करू शकतो. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा मानतो, आणि 'घरच्यापुरते' हा शब्द तेथे बचाव ठरत नाही. पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो, ही तरतूद व्यवहारात विस्मरणात गेली असली तरी कायद्याच्या पुस्तकात कायम आहे. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या वाचकाने वरील धडे समजून घ्यावेत, पण ते पातेल्यात उतरवण्याचा बेत करू नये.

या कायद्याची मुळे १९४९ च्याही मागे जातात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची मद्यनिर्मिती सरकारच्या ताब्यातील मोजक्या भट्ट्यांकडे वळवली आणि घरगुती गाळपाला गुन्ह्याचे रूप दिले, ते मुख्यतः महसुलासाठी. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर मोहाच्या फुलांच्या संग्रहावरच बंधने घालणारा वेगळा कायदा आला. मोह हे सातपुड्याच्या भिल्ल, पावरा कुटुंबांचे झाड. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर गळालेली त्याची रसाळ, पिवळट फुले पहाटे वेचली जातात आणि वाळवून साठवली जातात. ती भाजून किंवा भाकरीत घालून खाल्ली जातात, बियांचे तेल निघते, आणि पाण्यात काही दिवस आंबवून, मग गाळून त्यांची दारू होते, जी लग्नात, पूजेत आणि मरणाच्या विधीत देवाला व पाहुण्याला दिली जाते. येथे एक भेद स्पष्ट ठेवावा लागतो: बिअर केवळ आंबवलेली असते, मोहाची दारू आंबवून नंतर उकळत्या वाफेतून गाळलेली असते, त्यामुळे ती तीव्र असते. गूळ आणि नवसागर वापरून नदीनाल्याकाठी चालणारी हातभट्टी ही तिसरीच गोष्ट, तिचा हेतू विक्री असतो. कायदा या तिन्हींना एकाच रांगेत उभे करतो.

दारूच्या प्रश्नाला आदिवासी समाजाच्या आतून मिळालेले उत्तरही नोंदवायला हवे. १९३८ च्या सुमारास तळोदा परिसरात, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, गुलाम महाराजांनी 'आप' चळवळ सुरू केली, तिच्या अनुयायांनी एकमेकांना 'आप' असे संबोधत दारू सोडली, आणि त्यांच्यानंतर रामदास महाराजांनी ती पुढे नेली. ती दारूबंदी सरकारच्या छाप्यांतून आलेली नव्हती. सावकार आणि दारूचा ठेकेदार यांच्या कचाट्यातून सुटण्याचा मार्ग म्हणून लोकांनीच ती स्वीकारली होती. व्यसनाने कुटुंबे उद्ध्वस्त झाल्याची खानदेशातील उदाहरणे पाहता त्या चळवळीचे महत्त्व आजही कमी झालेले नाही, आणि घरगुती मद्याचे गोडवे गाणाऱ्या कोणत्याही लिखाणाने ती वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मात्र कायद्याची आजची मांडणी सर्वांना सारखी लागते, असेही म्हणता येत नाही. २००९ मध्ये पुण्यात राज्यातील पहिली सूक्ष्म मद्यनिर्मिती, म्हणजे हॉटेलातच ताजी बिअर तयार करून विकण्याची सोय, परवान्याने सुरू झाली आणि आता अशी अनेक ठिकाणे आहेत. २००७ च्या धोरणाने ज्वारी-बाजरीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सरकारी प्रोत्साहन दिले आणि त्यावर मोठा वादही झाला. म्हणजे ज्वारीतून मद्य काढण्याला राज्याची हरकत नाही, पाड्यावरच्या मडक्याला आहे. २०२१ मध्ये सरकारने मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध उठवले, हे योग्यच झाले. पण फुले मोकळी झाली तरी त्यांपासून घरगुती विधीपुरते मद्य करणारा अद्याप आरोपीच आहे. शिरपूरहून पळासनेर ओलांडून सेंधव्याकडे गेले की मध्य प्रदेश लागतो, आणि तेथे अनुसूचित जमातींना स्वतःच्या वापरासाठी ठरावीक मर्यादेत मोहाची दारू गाळण्याची मुभा आहे. अलीकडे ज्यांना पावरा म्हणतात त्यांनाच पलीकडे बारेला म्हणतात. सोयरीक एक, सण एक, देव एक, आणि एकाच मडक्याला सीमेच्या दोन बाजूंना दोन कायदे.

शहरी छांदिष्टाच्या बिअरला मोकळीक द्यावी की नाही हा प्रश्न काही वर्षे थांबला तरी कोणाचे नुकसान होणार नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांच्या सातपुड्यातील पाड्यांना विधीपुरत्या, मोजक्या आणि विक्रीस बंदी असलेल्या मोहाच्या मद्यासाठी मध्य प्रदेशासारखी सूट देणे, आणि ज्या ग्रामसभेला ती सूट नको असेल तिला ती नाकारण्याचा अधिकार ठेवणे, हे काम मात्र राज्य सरकारने आधी हाती घ्यायला हवे.